ठेल्याच्या पैशावर शिकले, आता सही करू का?

पत्र

मावशी, नमस्कार. मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, तेव्हा मला 'तू'च म्हणा.

मी नंदनवनला राहते आणि सीताबर्डीवरच्या एका फर्ममध्ये अकाउंट्स बघते. मी गरोदर आहे, पाचवा महिना सुरू आहे. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, एसी आहे, त्यामुळे खिडक्या कायमच्या बंद. आम्ही अकरा जण आहोत. साहेब केबिनमध्ये सिगारेट ओढतात, आणखी दोघे जिन्यात उभे राहून ओढतात. केबिनचं दार उघडलं की धूर थेट माझ्या टेबलावर येतो. आधी नुसतं डोकं दुखायचं, आता मळमळतं. एकदा धीर करून बोलले, तर साहेब हसून म्हणाले, "ओढून राहिलो मी, तुला काहून त्रास होऊन राहिला?" सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन रडले. यांचं म्हणणं, नोकरी सोड नाहीतर गप्प राहा. घरीही सुटका नाही. खालच्या मजल्यावरचे काका रात्री गॅलरीत ओढतात आणि तो धूर आमच्या कूलरमधून आत येतो.

खरा प्रश्न वेगळाच आहे. आमच्या फ्लॅट स्कीममधल्या काही बायका आणि कॉलेजची मुलं हिवाळी अधिवेशनाच्या आधी आमदारांना निवेदन देणार आहेत. त्यात तीन मागण्या आहेत. सार्वजनिक ठिकाणी ओढणाऱ्याचा दंड वाढवा, हॉटेलांमधल्या सिगारेटच्या वेगळ्या खोल्या बंद करा, आणि शहरातले सगळे पानठेले हटवा. माझी सही मागितली आहे. आठ दिवस झाले, मी 'उद्या देते' म्हणून टाळते आहे. कारण माझ्या बाबांचा पानठेला होता. ते गेल्यापासून धाकटा भाऊ तो चालवतो. माझ्या बी.कॉम.ची फी त्या गल्ल्यातून गेली, लग्नही त्यातूनच झालं. भाऊ स्वतः सिगारेटला हात लावत नाही, तंबाखू-सुपारीचा खर्राही खात नाही. सकाळी सातला ठेला उघडतो, रात्री अकराला घरी येतो. मी सही केली तर त्याच्या पोटावर उठल्यासारखं होईल. नाही केली तर रोज त्याच धुरात बसायचं. काय करू?

— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर

बाळ, आधी तब्येतीचं बोलू. पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा ऑफिसातल्या धुराबद्दल डॉक्टरांना स्पष्ट सांग. "थोडंफार असतं" असं म्हणून सोडून देऊ नकोस. दिवसाचे किती तास, किती जण ओढतात, खिडकी उघडते की नाही, सगळं सांग. गरोदर बाईच्या श्वासातून दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर गेला तर बाळाचं वजन कमी भरू शकतं, हे आता वैद्यकशास्त्रात पक्कं ठरलेलं आहे. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. धूर जितक्या लवकर थांबेल तितकं बरं, म्हणून आजपासून तो थांबवायच्या मागे लागायचं आहे. मळमळ होते तेव्हा "मीच नाजूक आहे" असं मनात आणू नकोस. तुझं शरीर बरोबर सांगतं आहे.

तू त्या दिवशी सगळ्यांबरोबर हसलीस, हे वाचून मला माझं जुनं ऑफिस आठवलं. मी पंचविशीत एका कचेरीत टायपिस्ट होते. मोठ्या हॉलमध्ये पंधरा टेबलं होती आणि हेडक्लार्कच्या टेबलावर पितळेची राखदाणी असायची. दुपारी चारपर्यंत ती भरायची. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण गरोदर होती. ती पदराचं टोक नाकाला लावून एका हाताने टाइप करायची. ते मी चार-पाच महिने पाहिलं आणि एक शब्द बोलले नाही. तेव्हा मला वाटायचं, साहेबांचं ऑफिस, साहेबांची सिगारेट, आपण कोण? तिचं बाळ सुखरूप झालं, पण मी गप्प बसले होते हे काही पुसलं जात नाही. तुझं पत्र मी दोनदा वाचलं ते त्यामुळेच.

साहेबांनी हसत जे विचारलं, त्याचं उत्तर तुला देता यायला हवं. "ओढून राहिलो मी, तुला काहून त्रास होऊन राहिला?" तर असं आहे. सिगारेट ओढणारा झुरका घेतो तो अधूनमधून. बाकी सगळा वेळ ती बोटांत किंवा राखदाणीच्या कडेवर नुसती जळत असते. आजूबाजूच्या माणसाच्या नाकात जाणाऱ्या धुरातला बराच मोठा भाग या जळत्या टोकाचा असतो. झुरका घेताना टोक जास्त तापतं. नुसतं धुमसताना आच कमी असते, तंबाखू नीट जळत नाही, आणि त्या धुरात काही विषारी द्रव्यं उलट जास्त असतात. ओढणाऱ्याच्या सिगारेटला निदान फिल्टर असतो. तुझ्या नाकाला कुठला फिल्टर आहे? या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं सापडली आहेत आणि त्यांतली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी आहेत. एसीचा इथे काही उपयोग नाही. खोलीतला एसी तीच हवा गार करून पुन्हा फिरवत राहतो. साहेबांच्या केबिनमधली हवा थंड होऊन तुझ्याकडे येते, एवढंच.

दुसऱ्याचा धूर आपल्याला बाधतो याचा शोध कसा लागला ते सांगते, कारण त्यात बायकांची गोष्ट आहे. जपानमध्ये ताकेशी हिरायामा नावाच्या संशोधकांनी चाळिशीपुढच्या, स्वतः कधीही न ओढणाऱ्या ९१ हजारांहून अधिक विवाहित बायकांची माहिती चौदा वर्षं ठेवली. १९८१ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. ज्यांचे नवरे खूप सिगारेट ओढायचे, त्या बायकांना फुप्फुसाचा कॅन्सर जास्त झालेला दिसला. नवरा जितकी जास्त ओढणारा, तितका बायकोला धोका जास्त. तंबाखू कंपन्यांनी या अभ्यासाला खूप विरोध केला. पण पुढे देशोदेशींच्या अभ्यासांतून तेच समोर आलं. आज सांगतात की न ओढणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या धुरामुळे हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा २० ते ३० टक्क्यांनी. अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख डॉक्टरांच्या, २००६ च्या अहवालात तर साफ म्हटलं आहे की "इतका धूर चालेल" अशी कुठलीही सुरक्षित मर्यादा नाही.

त्या बायका उठून दुसरीकडे कुठे जाणार होत्या? घर त्यांचंच होतं. तू कुठे जाणार? टेबल तुझं आहे, पगार तिथूनच येतो. सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढायला बंदी करणाऱ्या कायद्याकडे मी या बाजूने बघते. ज्याला धूर नको असेल त्याला उठून जाता येत असतं, तर कायद्याची गरजच पडली नसती. पण कारकुनाला उठता येत नाही, हॉटेलातल्या वेटरला उठता येत नाही, मेडिकलच्या इस्पितळात पेशंटजवळ बसलेल्या नातेवाईकाला उठता येत नाही, बसमध्ये मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या बाईला उठता येत नाही. कायदा आहे तो यांच्यासाठी.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने इस्पितळं, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई करा असा आदेश दिला. न्यायालयाचा विचार थोडक्यात असा होता. न ओढणाऱ्या माणसाला केवळ सार्वजनिक ठिकाणी जावं लागतं म्हणून त्याने आजार का ओढवून घ्यावा? त्याचा जगण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये आहे. त्याआधी १९९९ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयाने अशीच भूमिका घेतली होती. मग २००३ मध्ये संसदेने तंबाखूविषयीचा कायदा केला, ज्याला सगळे 'कोट्पा' म्हणतात. त्याचं कलम ४ म्हणजे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी. आणि २ ऑक्टोबर २००८ पासून जे नियम लागू झाले, त्यांत कामाची ठिकाणंही सार्वजनिक ठिकाणांत आली. म्हणजे तुझं तिसऱ्या मजल्यावरचं खाजगी ऑफिस या कायद्यात बसतं. साहेबांची केबिन बसते, जिनाही बसतो.

आता तुझ्या भावाकडे येते. तुझा जीव तिथे अडकला आहे, आणि खरं सांगायचं तर माझाही तिथेच अडकला.

तू लिहिलंस की तो स्वतः ओढत नाही. सकाळी सात ते रात्री अकरा म्हणजे सोळा तास तो ठेल्याच्या फळीमागे बसतो. गिऱ्हाईक सिगारेट घेतं, दोरीला बांधलेल्या लायटरने तिथेच पेटवतं आणि तिथेच उभं राहून ओढतं. ठेल्याला तीन बाजूंनी पत्रा, वर छप्पर, समोर माणसं. त्यांचा धूर कोणाच्या तोंडावर जातो? तुझ्या साहेबांचा धूर तुझ्या टेबलावर येतो, तसाच गिऱ्हाइकांचा धूर तुझ्या भावाच्या फळीवर जातो. तुला निदान सहा वाजता सुटी होते. रविवार मिळतो. तुझ्या बाबांच्या बाबतीत काय झालं ते तू लिहिलेलं नाहीस आणि मी विचारत नाही. पण भावाच्या बाबतीत मला वाटतं, तुमच्या घरात या कायद्याची गरज असलेली माणसं दोन आहेत.

आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून देशभर बंद जागेतल्या जवळजवळ सगळ्या कामाच्या ठिकाणी धूम्रपान बंद केलं. असं करणारा तो जगातला पहिला देश. तिथल्या पबमध्ये गिऱ्हाईक दोन तास बसतं, पण ग्लास भरणारा माणूस आठ-दहा तास उभा असतो. त्या माणसाच्या फुप्फुसासाठी तो कायदा होता, कामगाराच्या आरोग्याचा कायदा म्हणून तो आला. नंतर मार्च २००६ मध्ये स्कॉटलंडने तसंच केलं. वर्षभरात तिथल्या नऊ इस्पितळांत हृदयविकाराच्या झटक्याने भरती होणाऱ्यांची संख्या १७ टक्क्यांनी घटली, आणि जी घट झाली तिच्यातला दोन तृतीयांश भाग न ओढणाऱ्या माणसांचा होता. हे वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. इतकी माणसं घरी राहिली, कारण कोणीतरी आपली सिगारेट दाराबाहेर नेली.

आता गल्ल्याचं. तू सही केलीस तर भावाच्या पोटावर उठशील, असं तुला वाटतं. जरा हिशोब कर, अकाउंट्स तुझंच काम आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, आणि खाण्याचा-चघळण्याचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपल्या विदर्भात तर ठेला चालतो तो मुख्यतः खर्रा, पान, सुपारीवर. खर्रा मला अजिबात मान्य नाही. त्याने तोंडं आखडलेली तरुण पोरं मी पाहिली आहेत. त्यावर कधी वेगळं लिहीन. इथे सांगायचं एवढंच की बंद जागेत सिगारेट पेटवू नका असं म्हटल्याने ठेला बंद पडत नाही. कायदा सिगारेट विकू नका म्हणत नाही, ओढू नका असंही म्हणत नाही. दुसऱ्याच्या श्वासात ओढू नका, एवढंच म्हणतो. तुझ्या साहेबांनी उद्यापासून खाली उतरून मोकळ्यावर ओढली, तर त्यांचं पाकीट काही कमी खपणार नाही.

म्हणून त्या निवेदनातली तिसरी मागणी मला पटली नाही. 'सगळे पानठेले हटवा' हे त्यात घालायला नको होतं. धुरापासून माणसं वाचवणं हा एक विषय आहे आणि ठेलेवाल्याला रस्त्यावरून उठवणं हा अगदी वेगळा. दोन्ही एका कागदावर आले की काय होतं? शहरातले सगळे ठेलेवाले विरोधात उभे राहतात, त्यांची बाजू घेणारं कोणीतरी पुढे येतं, आणि निवेदन तिसऱ्या मागणीवर अडकून पहिल्या दोन्हींसह फायलीत जातं. शिवाय ते न्यायाचं नाही. ठेलेवाला या धंद्यातला सगळ्यात लहान माणूस आहे. ज्यांनी सिगारेटचे कारखाने काढले, त्यांना कोणी रस्त्यावरून हटवत नाही. ठेल्यांबाबत कायद्यात जे आहे ते पाळायला सांगा. शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांच्या आत विक्री नाही, अठरा वर्षांखालच्या मुलांना विक्री नाही, आणि महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट आणि बिडी विकायलाही मनाई आहे. यात भावाचं काही राहून जात असेल तर ते त्याने नीट करायला हवं, आणि ते त्याला तू सांग, निवेदनवाल्या लोकांनी सांगण्याआधी.

तेव्हा माझं म्हणणं असं. निवेदन करणाऱ्या बायकांना भेट आणि तिसरी मागणी काढायला सांग. तुझ्या तोंडून ते त्यांना जास्त कळेल. "मी ठेलेवाल्याची मुलगी आहे, पाचव्या महिन्यात आहे आणि मला हा कायदा हवा आहे," असं म्हणणारी दुसरी कोणी त्यांच्याकडे नसेल. ऐकलं तर सही कर, मोठ्या अक्षरात कर. नाही ऐकलं तर पहिल्या दोन मागण्यांना पाठिंबा आहे असं वेगळ्या कागदावर लिहून दे. तोही आमदारांकडे जाऊ शकतो.

पहिली मागणी दंडाची. २००३ पासून तो जास्तीत जास्त २०० रुपये आहे. इतक्या वर्षांत २०० रुपयांची किंमत काय उरली, हे तुला सांगायला नको. २०२१ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने लोकांच्या सूचनांसाठी एक मसुदा मांडला होता, त्यात हा दंड २,००० करायचं सुचवलं होतं. कर्नाटकाच्या विधिमंडळाने २०२४ मध्ये तो १,००० करणारी दुरुस्ती मंजूर केली. आपल्या विधिमंडळालाही हे नवं नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्राने याच कायद्यात आपली दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केली होती. तेव्हा अधिवेशन आपल्या शहरात भरतं त्या दिवसांत आमदारांना हे आठवून देणं बरोबरच आहे. तरी माझ्या मनात दंडापेक्षा अंमलबजावणी मोठी आहे. २०० असो की २,०००, पावती कोणी फाडतच नसेल तर दोन्ही सारखेच. निवेदनात तेवढं एक वाक्य घालायला सांग.

दुसरी मागणी वेगळ्या खोल्यांची. तीस किंवा जास्त खोल्यांची हॉटेलं, तीस किंवा जास्त माणसं बसतील अशी रेस्टॉरंट आणि विमानतळ, यांना ओढण्यासाठी वेगळी जागा ठेवायची सूट कायद्याने दिली आहे. माझा त्या सवलतीला विरोध आहे. दार उघडलं की धूर बाहेर येतोच, आणि त्या खोलीतल्या राखदाण्या शेवटी कोणीतरी उचलतं. ते उचलणारं माणूस ओढणारं असेलच असं नाही.

"पण लोक ऐकणार आहेत का?" असं तुझे यजमान विचारतील. त्यांना विचार की त्यांनी शेवटचं कधी सिनेमागृहात कोणाला सिगारेट ओढताना पाहिलं. मी लहान असताना सीताबर्डीवरच्या टॉकीजमध्ये प्रोजेक्टरच्या उजेडाचा पट्टा डोक्यावरून जायचा आणि त्यात धूर निळसर तरंगताना दिसायचा. आम्हा मुलांना वाटायचं, सिनेमा म्हणजे तो पट्टा आणि तो वास. एसटीत तर मागच्या बाकावर बिडी पेटली की पुढच्या बाकावरची मुलं खिडकीतून ओकायची. आज एसटीत कोणी पेटवली तर आधी प्रवासीच ओरडतात. लोकांना सवय लागते. आधी पाटी लागते, मग कोणीतरी बोट दाखवून पाटी वाचायला लावतं, मग काही वर्षांनी पाटीचीही गरज उरत नाही.

ऑफिसात तुलाच ते बोट दाखवायचं आहे. कसं, ते सांगते. सगळ्यांसमोर पुन्हा बोलू नकोस, कारण सगळ्यांसमोर साहेबांना हसण्यावारी न्यायची सोय होते. सकाळी आल्या आल्या, त्यांनी पहिली पेटवायच्या आधी, केबिनमध्ये जा. बरोबर एखादी सहकारी घे. मग म्हण, "सर, मला पाचवा महिना आहे. धुराचा बाळाला त्रास होतो. ऑफिसच्या आत आणि जिन्यात कोणीच ओढू नये असं करू या. कायद्यातही तेच आहे, आणि तक्रार झाली तर जबाबदारी ऑफिसच्या मालकावर येते." एवढंच. त्यांच्या सवयीबद्दल, त्यांच्या तब्येतीबद्दल काही बोलू नकोस. तो विषय त्यांचा आहे.

मालकावर जबाबदारी येते हे मी उगाच लिहिलेलं नाही. २००८ च्या नियमांप्रमाणे जागेचा मालक, व्यवस्थापक किंवा प्रभारी याने तिथे धूम्रपान होऊ द्यायचं नाही. प्रवेशाशी निदान ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी लावायची, "धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे" अशी, आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव तिथे लिहायचं. जिन्यात आणि लिफ्टशीही पाटी हवी. राखदाणी, काडेपेटी, लायटर ठेवायचा नाही. तक्रार येऊनही त्याने काही केलं नाही, तर जितके गुन्हे घडले तितका दंड त्यालाच. बोलणं झालं की त्याच दिवशी हेच दोन-चार ओळींत ईमेल करून ठेव. नम्र भाषेत, धन्यवाद म्हणून. कागद असला की माणूस विसरत नाही. पाटी तूच छापून नेऊन दे, पैसे शंभर-दोनशे लागतील. पुष्कळ ठिकाणी मालकाची ना नसते, पुढाकार घ्यायला कोणी नसतं.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर? मग तक्रार कर. पोलिस उपनिरीक्षक किंवा त्यावरचे अधिकारी कारवाई करू शकतात, आणि जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाकडेही लेखी देता येतं. यात कोणी तुरुंगात जात नाही, कोणाचं ऑफिस बंद पडत नाही. दंड भरला की विषय मिटतो. हे तुला मुद्दाम सांगते, कारण 'कायदा' म्हटलं की आपल्याकडे बायकांच्या पोटात गोळा येतो. नोकरी सोडण्याचा सल्ला मी देणार नाही. धूर त्यांनी करायचा आणि नोकरी तू सोडायची, हे कुठलं गणित? तुझ्या जागी येणारी मुलगीही त्याच धुरात बसेल.

जिन्यात ओढणाऱ्या दोघांशी मात्र आधी गोडीने बोल. तुझ्या पोटाकडे बघून ते खाली उतरतील असं मला वाटतं. त्यांच्यापैकी कोणाला सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी टोल-फ्री नंबर आहे, तो सांगून ठेव. आग्रह करू नकोस.

खालच्या काकांच्या गॅलरीपर्यंत हा कायदा येत नाही. माणसाच्या घरात तो शिरत नाही, आणि तिथे बोलण्यानेच काम होतं. काकांना कदाचित माहीतही नसेल. कूलर बाहेरची हवा खेचून आत फेकतो, म्हणजे त्यांची सिगारेट तुमच्या खोलीत थेट ओढली जाते. ओल्या वाळ्याने हवा गार होते, धूर गाळला जात नाही. त्यांना एकदा वर बोलव, चहा कर, त्यांनाच त्या कूलरसमोर बसव. मग म्हण, "काका, तुम्ही ओढता तेव्हा इथे असा वास येतो. तुम्ही त्या बाजूच्या गॅलरीत किंवा खाली अंगणात गेलात तर बरं होईल." आपल्या नागपूरचा माणूस बोलायला आडवा असला तरी गरोदर लेकीचं ऐकतो. तोवर ते बाहेर आले की पंधरा-वीस मिनिटं कूलर बंद ठेव आणि त्या बाजूची खिडकी लाव. उकडेल, पण तेवढं सोस.

आता राहिला भाऊ. सही करण्याआधी त्याच्याकडे जा. त्याला दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये. फोनवर सांगू नकोस. दुपारी अडीचच्या सुमारास जा, त्या वेळी ठेल्यावर गर्दी कमी असते. डबा घेऊन जा. निवेदन त्याच्या हातात दे, तिसरी मागणी तू खोडायला लावली आहेस ते दाखव, आणि बाकीचं त्याला स्वतः वाचू दे. मग विचार, "दिवसभर तुझ्या तोंडावर किती धूर येतो रे?" आणि गप्प बस. त्याला बोलू दे. बाबांबद्दलही बोलेल कदाचित. लायटरची दोरी फळीपासून काढून चार हात लांब, पलीकडच्या खांबाला बांधता येईल का, एवढं त्याला विचारून बघ. गिऱ्हाईक तिकडे जाऊन पेटवेल, तिकडेच ओढेल, आणि त्याच्या गल्ल्यातला एक रुपयाही कमी होणार नाही.

त्याच कागदावर तुझ्या सहीच्या जागेखाली आणखी एक ओळ रिकामी ठेवून ने. पेन तो देईल, ठेल्यावर असतंच.